लाईनमनचे डोळे

विजयसिंह जेवताना आपल्या तोंडाकडं किती वेळा बघतो, हे बयाबाई गेली सोळा वर्षं वहीत लिहून ठेवत होत्या. चारदा बघितलं तर दिवस उत्तम. दोनदा म्हणजे साधारण. एकदाही नाही आणि नजर सारखी छताच्या एका कोपऱ्यात, असं लागोपाठ दोन दिवस झालं की तिसऱ्या दिवशी त्या शाहूपुरीतल्या डॉक्टरांना फोन लावत. डॉक्टर आधी हसायचे. पुढं पुढं तेच विचारायला लागले, "आक्का, वही काय म्हणते?"

विजयसिंह त्यांचा धाकटा भाऊ. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, कुस्तीइतकाच फुटबॉल चालणाऱ्या पेठेतल्या तालमीच्या संघात उजव्या बाजूनं पळणारा, मग एका उन्हाळ्यात कानात कुणीतरी बोलायला लागलं आणि पळणं थांबलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं. बयाबाईंचे यजमान त्याच वर्षी गेले होते, पदरी मूल नव्हतं, म्हणून त्या शिवाजी पेठेत माहेरी परतल्या. अशी दोघं एकमेकांच्या वाट्याला आली. झालं ते काही वाईट झालं नाही असं दोघांचंही मत होतं, फक्त बोलून कुणी दाखवलं नव्हतं.

आता विजयसिंह चव्वेचाळीसचा. गोळ्या वेळेवर, झोप सात तास, कानातली माणसं बहुतेक गप्प. कधी बोललीच तर तो त्यांना "थांबा जरा, काम हाय" म्हणायचा, आणि ती थांबायचीही.

बयाबाईंचं फॉल-पिकोचं मशीन दाराशीच होतं. साडीच्या काठावर सुई आणि गल्लीवर डोळा, दोन्ही कामं एका वेळी चालत. त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येकाचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता. कोण चालताना आधी घरांच्या खिडक्या बघतो, कोण बोलायच्या आधी मागं वळून पाहतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो आणि कोण नुसता आपली पाळी यायची वाट बघतो. तालमीचा फुटबॉल सेक्रेटरी बाळासो त्यांच्या दाराशी चहा प्यायला थांबायचा. गप्पा मारायचा आक्काशी, पण स्कूटर गेली की डोळे स्कूटरमागं, कुत्रं गेलं की कुत्र्यामागं, खिशातला मोबाईल थरथरला की खिशात. एका कपात चौदा वेळा. बयाबाईंनी मोजलं होतं. ही नोंद वहीत नव्हती, पण ती विसरली जाईल असंही नव्हतं.

तर झालं काय, की तालमीचा लाईनमन, म्हणजे सामन्यात मैदानाच्या कडेच्या रेषेवर झेंडा धरणारा, गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला.

पेठेतल्या तालमींची आपापसातली स्पर्धा तोंडावर आलेली. प्रत्येक सामन्याला दोन्ही तालमींनी आपापला एक लाईनमन द्यायचा, असा जुना रिवाज. विजयसिंह गेली दोन वर्षं सकाळच्या सरावाला झेंडा घेऊन रेषेवर उभा राहत होता. पोरांना त्याची सवय होती, त्यालाही पोरांची. सरावातला झेंडा आणि स्पर्धेतला झेंडा यांत फरक एवढाच, की स्पर्धेला पाच-सहा हजार माणसं असतात आणि त्यांना सगळ्यांना नियम तोंडपाठ असतात, निदान त्यांना तसं वाटतं.

विजयसिंह त्या दिवशी जेवताना बहिणीकडं पाच वेळा बघून म्हणाला, "आक्का, स्पर्धेला मी हुबा ऱ्हातो. बाळासोला सांग की."

सोळा वर्षांत त्यानं स्वतःहून मागितलेली ही तिसरी गोष्ट. पहिली रेडिओ, दुसरी खिडकीचा पडदा काढून टाकणं. बयाबाईंनी हातातली साडी बाजूला ठेवली आणि तालमीत गेल्या.

बाळासो माणूस वाईट नव्हता. त्यानं नाही म्हटलं नाही. डोकं खाजवलं, छताकडं बघितलं, दारावरून जाणाऱ्या पाण्याच्या टँकरकडं बघितलं आणि म्हणाला, की सराव वेगळा, स्पर्धा वेगळी. एक झेंडा चुकला की समोरची तालीम म्हणणार, यांनी डोक्याचा पेशंट रेषेवर उभा केला. मग त्याला कुणाकडून तरी कळलेली एक गोष्ट आठवली. डॉक्टरांच्या दवाखान्यात एक पोरगी डोळ्यांची तपासणी करते, विजयसिंहालाही तिनं बोलावलंय, खरं का?

खरं होतं. तेजस्वी नावाची जयसिंगपूरची मुलगी दर आठवड्याला एसटीनं येऊन या आजाराच्या माणसांचे डोळे कसे हलतात, लक्ष कुठं जातं, यावर अभ्यास करत होती. पडद्यावर एक ठिपका फिरतो, माणूस त्याच्याकडं बघतो, मशीन डोळ्याची रेघ काढतं.

"मग झालं की," बाळासो म्हणाला. "मशीन सांगू दे. पास झाला तर झेंडा त्याचा. कुणी काय बोललं तर कागद दाखवतो."

बयाबाईंनी त्याला सांगितलं की तसलं काही नाही. तेजस्वीनं दिलेले संमतीचे कागद त्यांनी दोनदा वाचले होते, आणि पहिल्याच पानावर लिहिलं होतं की या चाचणीत पास-नापास नाही. बाळासोनं हात झटकला. असल्या कागदांवर असलंच लिहितात, असं त्याचं म्हणणं.

पेठेत कुठलीही गोष्ट तपासणी म्हणून फार वेळ टिकत नाही, तिचा सामना होतो. दोन दिवसांत गल्लीभर झालं, की आपल्या विजयची मॅच मशीनबरोबर हाय आणि तीन आठवडे हातात हायत. तीन आठवडे म्हटल्यावर सराव आलाच. सरावाची जबाबदारी गैबीनं उचलली. गैबी एके काळी याच संघाचा गोलकीपर, आता कोपऱ्यावर पंक्चर काढायचा. विजय आजारी पडल्यावर ज्या तीन मित्रांनी येणं सोडलं नाही त्यांतला तो एक. उरलेले दोघं पुण्याला गेले, म्हणजे खरं तर तोच एक.

गैबीनं दुकानाच्या आडव्या पाईपला दोरा बांधून लिंबू टांगलं. समोर टायरवर विजयला बसवायचं, लिंबाला झोका द्यायचा आणि सांगायचं, "मान हलवायची न्हाय. नुसतं डोळं. सोडायचं न्हाय त्येला."

रोज सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा. आठवड्याभरात गल्लीतल्या ज्यानं त्यानं आपापली भर घातली. कुणी गाजरं आणून दिली, कुणी गुलाबपाण्याची बाटली. तालमीचे म्हातारे अध्यक्ष आण्णा रोज गच्चीवरून उडणारी कबुतरं बघायला सांगत, आणि ती कुणाची ते ओळखायलाही सांगत, ज्याचा डोळ्यांशी काही संबंध नव्हता. लिंबू सुकलं की गैबी नवं टांगायचा. तीन आठवड्यांत सहा लिंबं झाली. जुन्यांचं त्याच्या घरात सरबत व्हायचं, आणि त्याची बायको जुलेखा विचारायची, की तुमच्या मॅचचं अजून किती दिवस राहिलंय, दात आंबले.

विजयसिंह मुकाट बसायचा. एके दिवशी घरी येऊन मात्र म्हणाला, "आक्का, लिंबू हितनं जातंय आन् तिकडं निघतंय. मधलं मला घावतच न्हाय."

"मग काय करतोस?"

"उडी मारतो. डोळ्यानं. तिथं जाऊन थांबतो, मग ते येतंय."

बयाबाईंनी ते वहीत लिहिलं. पण त्या रात्री त्यांनी काळजीही केली, जी वहीत लिहायची पद्धत नव्हती. झेंडा गेला तर गेला. पण मागितलेली तिसरी गोष्ट नाकारली गेली, की हा पुन्हा काही मागेल का, एवढंच त्यांना पडलं होतं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात चौघं गेले. विजयसिंह, बयाबाई, गैबी, आणि निकाल ऐकायला बाळासो. तेजस्वीला सवय नव्हती, एरवी तिच्याकडं माणूस एकटा यायचा. खोली लहान, मधे हिरवा पडदा. पडद्याआड मशीन आणि विजयसिंह, अलीकडं बाकावर हे तिघं. हनुवटी पट्टीवर टेकवायची, कपाळ वर टेकवायचं आणि बघायचं. पहिल्या भागात ठिपका डावीकडून उजवीकडं जाणार, उजवीकडून डावीकडं येणार. त्याच्याबरोबर जायचं.

गैबी बाकावर बसून हातानं लिंबाचा झोका दाखवत होता. कुणाला दिसत नव्हता, पण त्याला राहवत नव्हतं.

पहिला भाग गुपचूप झाला. मग दुसऱ्या भागाची सूचना पडद्याआडून ऐकू आली, आणि गैबीचा हात हवेतच थांबला. आता ठिपका एका बाजूला उगवेल, तर त्याच्याकडं बघायचं नाही. उलट बाजूला बघायचं. डावीकडं आला तर उजवीकडं. चाळीस वेळा. चुकून ठिपक्याकडं डोळा गेला तर मशीन टुंग करेल, ते मनावर घेऊ नका.

"बघायचं न्हाय?" गैबी पुटपुटला. "तीन आठवडं आम्ही काय केलं मग?"

टुंग झालं. परत टुंग. मग तीन वेळा शांतता, मग टुंग. बयाबाईंनी पदराच्या आत बोटांची पेरं धरली. सोळा वर्षांची सवय, मोजायला वेगळं काही करावं लागत नव्हतं. चाळिसातून बावीस.

बाळासोनं मोजलं नाही. तो खिडकीतून खाली रस्त्यावर कुणीतरी मागं-पुढं करून लावत असलेली मोठी गाडी बघत होता. पडदा सरकल्यावर मात्र उठला. "बाई, पास का नापास?"

तेजस्वीनं सरळ सांगितलं, की असं काही नसतं. ती शंभर माणसांचं एकत्र बघणार, एकट्याचा निकाल देत नाही. कुणाला नोकरीवर ठेवायचं, कुणाला नाही, हे या मशीनला विचारूच नये.

विजयसिंह पट्टीवरून हनुवटी काढून तिच्याकडं बघत होता. "निकाल नको. माझी रेघ तेवढी दाखवा की. माझीच हाय न्हवं."

त्याची रेघ त्याला दाखवायला हरकत नव्हती. तिनं मशीनचा पडदा वळवला. दोन रेघा. एक ठिपक्याची, नदीसारखी वळत गेलेली. दुसरी विजयसिंहाच्या डोळ्याची. ती तशीच वर चढायची, तशीच खाली यायची, पण पायऱ्यापायऱ्यांनी. जरा थांब, उडी, जरा थांब, उडी.

तेजस्वीनं समजावून सांगितलं. साधारणपणे डोळा हलत्या वस्तूला धरून तिच्याबरोबर घसरत जातो. या आजारात पुष्कळांचा डोळा मागं पडतो आणि मग उडी मारून गाठतो. हे सरावाच्या कमी-जास्तीचं नाही, आळसाचं तर मुळीच नाही. लहानपणीचे मास्तर म्हणत असतील लक्ष नाही, तर ते चूक.

विजयसिंह बराच वेळ त्या पायऱ्यांकडं बघत राहिला. मग बहिणीकडं वळला. चेहऱ्यावर असं काही होतं, जे बयाबाईंनी मोजण्याच्या पलीकडचं म्हणून सोडून दिलं.

"बघ आक्का. मी सांगत न्हवतो? मधलं घावत न्हाय. ह्या बाईनं काढून दावलं."

"व्हय रे. तू सांगतच हुतास."

"पायऱ्या म्हंजे..." बाळासो म्हणाला आणि थांबला. त्याला वाईट वाटत होतं, पण निर्णय झाला होता. "विजय, मनावर घेऊ नको. सरावाला झेंडा तुझाच हाय. स्पर्धेला मी दुसरा बघतो."

तो दाराकडं वळला. बयाबाईंनी तेजस्वीला अगदी सहज, फॉल-पिकोच्या मशीनवर बसून साडीवालीला विचारावं तसं विचारलं, "बाई, तुमच्या कागदात दुसऱ्या पानावर लिहिलंय बघा, तुलनेसाठी निरोगी माणसं पायजेत म्हणून. पस्तीस ते पंचावन्न. मिळाली का?"

तेजस्वी म्हणाली, कसली मिळतात. बायका येतात, पुरुष म्हणतात वेळ नाही. अकरा कमी आहेत.

"हे आमचं बाळासो बावन्नचं हायत. निरोगी तर दिसत्यात. पर बसणार न्हाईत, कामाचा माणूस."

बाळासो दारातून परत फिरला. आपल्या डोळ्यांना काय झालंय, असं तो म्हणाला. लाईनवर बसलेली माशी त्याला गॅलरीतून दिसते. त्यानं कागदावर न वाचता सही केली. तेजस्वीनं त्याला सगळं तोंडी परत समजावलं, तेही त्यानं खिडकीकडं बघत ऐकलं. मग हनुवटी टेकवली.

पहिला भाग छान गेला असावा. तेजस्वी दोनदा "छान" म्हणाली. दुसरा भाग सुरू झाला आणि लगेच टुंग झालं. मग परत. मधे त्याचा मोबाईल थरथरला, तेव्हा ओळीनं तीन. बाळासोला ठिपका उगवला की बघू नको म्हणणं म्हणजे गल्लीतून बँड गेला तर बाहेर येऊ नको म्हणणं. बयाबाई पेरं धरून बसल्या होत्या. गैबीनं या वेळी स्वतःही मोजलं आणि त्याच्या मिशा हलायला लागल्या.

बाळासो बाहेर आला तो थोडा घामेजलेला. तेजस्वीनं त्याला सांगितलं, की आजार नसलेली माणसंही यात चुकतात, थोडं कमी-जास्त असतं, मोबाईल बंद असता तर बरं झालं असतं. मनावर घेऊ नका.

"किती वाजलं ते टुंग?" बाळासोनं बाकाकडं न बघता विचारलं.

"एकोणीस," बयाबाई म्हणाल्या.

"आन् विजयचं?"

"बावीस."

खाली ती गाडी अजूनही मागं-पुढं होत होती, आणि या वेळी बाळासोनं तिच्याकडं बघितलं नाही, हे बयाबाईंच्या ध्यानात आलं.

"फरक तीनचा हाय," त्या म्हणाल्या. "बावीस झालं तर झेंडा काढून घ्यायचा, आन् एकोणीसला सेक्रेटरी? बरं. मी काय म्हणत न्हाय. नियम तू केलास, तूच सांग."

गैबी उठून पाणी प्यायला बाहेर गेला. त्याला तहान लागली नव्हती.

तेवढ्यात विजयसिंह तेजस्वीला काहीतरी सांगत होता, आणि ती पेन घेऊन लिहून घेत होती. बाळासोनं कान दिला. विजयसिंह सांगत होता, की लाईनमनला बॉल बघायचाच नसतो. पेठेतली समदी बॉल बघत्यात, लाईनमननं न्हाय बघायचा. शेवटचा बचाव करणारा गडी असतोय, त्याच्या पायांकडं बघायचं. लाथ बसल्याचा आवाज कानानं ऐकायचा. आवाज झाला त्या वेळी गोलाकडं धावणारा समोरचा गडी त्या पायांच्या पुढं असला तर ऑफसाइड, झेंडा वर, नसला तर खाली. दोन पाय आणि एक आवाज, बास. पळणाऱ्या बॉलमागं डोळा गेला की मग चुकतंय.

"एरवी समदंच हाका मारतंय," तो म्हणाला. "पंखा, पडदा, लोकांच्या चपला. घरात, रस्त्यात. कुणाकडं बघू कळत न्हाय. लाईनीवर एकच काम असतंय. बरं वाटतंय तिथं."

"आणि चुकत नाही का?" तेजस्वीनं विचारलं.

"चुकतो की. धा झेंड्यांत एखादा चुकतो. माणूस हाय."

बाळासो दोन मिनिटं पायातल्या चपलेनं फरशीवर रेघ ओढत उभा राहिला. मग म्हणाला, "रविवारी साडेतीनला ये. काळी पँट हाय का?"

काळी पँट नव्हती. बयाबाईंनी शनिवारी शिवली.

रविवारी मैदान भरलेलं होतं. बयाबाई आयुष्यात पहिल्यांदा सामन्याला गेल्या आणि रेषेच्या बाजूला, गैबी आणि जुलेखाच्या मधे बसल्या. खेळ त्यांना फारसा कळत नव्हता. त्या भावाकडं बघत होत्या. सगळं मैदान एखाद्या शेताला वारा लागावा तसं बॉलबरोबर डावीकडून उजवीकडं झुकत होतं, आणि एकटा विजयसिंह झुकत नव्हता. रेषेवर बाजूबाजूनं सरकत, कुणाच्या तरी पायांकडं बघत होता.

उत्तरार्धात, बरोबरी असताना, आपल्याच तालमीनं गोल मारला. मैदान उठलं, फटाक्यांची माळ लागली. धूर विरला तेव्हा लोकांना दिसलं, की झेंडा वर आहे. आपल्याच माणसाचा, आपल्याच गोलवर. पंचानं शिट्टी मारून गोल रद्द केला.

मग जे सुरू झालं ते बयाबाईंनी एकेक मोजून घेतलं. डोळं घरी ठेवून आलास काय. समोरच्यांनी मिसळ खाऊ घातली काय रं. घरी ये, दावतो तुला ऑफसाइड. झेंडा हाय का पंखा. आण्णा काठी आपटत होते. सगळ्यांत मोठा आवाज बाळासोचा होता. खुर्चीवर चढून तो ओरडत होता, की असला आंधळा लाईनमन तालमीच्या इतिहासात झाला नाही. जुलेखानं बयाबाईंचा हात घट्ट धरला. बयाबाईंनी तो हळूच सोडवला, कारण त्यांना मोजायला पेरं लागत होती.

विजयसिंहानं झेंडा खाली केला आणि परत पायांकडं बघायला लागला.

सामना बरोबरीत सुटला. झेंडा बरोबर होता का चूक, यावर पेठेत आजही दोन मतं आहेत. मोबाईलवर काढलेली दोन चित्रणं आहेत, एकात पाय पुढं दिसतो, दुसऱ्यात मागं. बाळासोनं मैदान सुटताना विजयसिंहाला थांबवून पुढच्या बुधवारच्या सामन्याची वेळ सांगितली, रागातच सांगितली, आणि म्हणाला, बुधवारी तरी चष्मा लावून ये.

घरी आल्यावर बयाबाईंनी चहा टाकला. विजयसिंह पायरीवर बसून बुटातली माती काढत होता.

"आक्का, किती झाल्या?"

"काय?"

"शिव्या. मोजल्या असशील की."

"एकतीस."

तो माती काढत राहिला. मग जरा वेळानं म्हणाला, "त्यात माझ्या डोक्याच्या किती?"

बयाबाईंनी परत एकदा मनात सगळ्या फिरवून बघितल्या. आंधळा होता, विकला गेलेला होता, समोरच्यांचा जावई होता.

"एक पण न्हाय. समद्या लाईनमनच्या."

विजयसिंहानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, आणि चहा उतू जाईपर्यंत बघत राहिला. त्या गडबडीत हे एकदा धरायचं की कितीदा, ते बयाबाईंना ठरवता आलं नाही. वहीत त्या दिवसाची जागा कोरी आहे. खाली नुसतं लिहिलंय, बुधवार, साडेतीन, पँट धुवायची.